ओली साक्ष : नायट्रिक ऑक्साइड, प्रतिदीप्त जेल आणि ज्ञापक हेतू

बंगळूरहून कोलारकडे निघाले की शहर संपता संपता होसकोटे लागते. मराठी अभ्यासकाला हे नाव परिचित असते ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आल्यानंतर बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हा मुलूख शहाजीराजांकडे आला. त्यांच्याच दरबारात जयराम पिंड्ये ह्याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. एका ग्रंथात अनेक भाषांना मानाची जागा देणारी ही कृती भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगावी लागत नाही. आजचे होसकोटे मात्र निराळ्या कारणांनी ओळखले जाते. १९९८ पासून तेथे व्होल्वो मालमोटारींचा कारखाना आहे, आणि तेथेच भारतीय ताराभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे, जेथे बसून लडाखमधील हानले येथील, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरची दोन मीटर व्यासाची दुर्बीण उपग्रहाच्या दुव्यावरून चालविली जाते. एकीकडे डीझेलचे एंजिन : अशा कोणत्याही एंजिनाच्या उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. दुसरीकडे, जेथे हात पोहोचू शकत नाही अशा वस्तूंविषयी केवळ प्रकाशावरून निर्णय करणारे शास्त्र.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. नायट्रिक ऑक्साइडाचा स्पर्श होताच चमकू लागणारी, पाण्याने भरलेली, मऊ अशी जेल रसायनशास्त्रज्ञ गेली काही वर्षे तयार करीत आहेत. जखमेवर ठेवायची पट्टी, पेशी वाढविण्याचा थर, श्वासाच्या परीक्षेचे साधन, असे तिचे कितीतरी उपयोग कल्पिले जातात. त्या सर्वांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो साहित्यशास्त्र व न्यायशास्त्र वाचणाऱ्याला परका वाटू नये : चमक दिसली म्हणून वायू होता, असे कोणत्या अटींवर म्हणता येईल?

ह्या वायूच्या बाबतीत घोटाळ्याला सुरुवात नावापासूनच होते. मराठीतील जुन्या रसायनाच्या पुस्तकांत नायट्रोजनला नत्र व नायट्रिक ॲसिडला नत्राम्ल म्हणत. ती परिभाषा शाळांतून मागे पडली. तथापि शेतकऱ्याच्या बोलण्यात आणि खताच्या हिशेबात ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे त्रिकूट आजही जिवंत आहे. विद्यापीठांतून गेलेला शब्द शेतात टिकावा, ही गोष्ट परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनी विचारात घेण्यासारखी आहे. नत्र व ऑक्सिजन ह्यांच्या संयुगांपैकी नायट्रस ऑक्साइड म्हणजे भूल देण्यासाठी वापरतात तो ‘हसविणारा वायू’. त्यात नत्राचे दोन अणू असतात व ऑक्सिजनचा एक. नायट्रिक ऑक्साइडात दोहोंचा एकेकच. तो रंगहीन, पण मोकळ्या हवेत दाट प्रमाणात सोडला तर पाहता पाहता तांबूस होतो, कारण तो हवेतील ऑक्सिजन घेऊन नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली ह्याने ह्या वायूचे वर्णन केले तेव्हा त्याला जे इंग्रजी नाव दिले ते आज नायट्रस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वायूशी गफलत करविणारे होते. नावापेक्षा त्याचा उपयोग अधिक लक्षणीय आहे. प्रीस्टली हा वायू हवेत मिसळून तिचे आकारमान किती आकसते ते मोजी आणि त्यावरून हवा श्वासाला कितपत चांगली ते ठरवी. म्हणजे त्यात ऑक्सिजन किती हेच. अडीचशे वर्षांपूर्वी जो स्वतः ज्ञापक होता तोच आज ज्ञाप्य झाला आहे. हा फेर पुढे पुन्हा आडवा येणार आहे.

शरीरात ह्या वायूचे काही काम असेल अशी कल्पना दीर्घकाळ कोणाला नव्हती. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट ह्यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, धमनीचा आतला अस्तरासारखा थर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन ह्या द्रव्याने ती सैल होते. तो थर घासला गेला असेल तर उलट आकुंचन पावते. ह्यावरून त्यांनी अनुमान केले की, त्या थरातून काहीतरी निघते आणि तेच शैथिल्य आणते. ते ‘काहीतरी’ कोणते हे ठाऊक नसताना त्याला नाव दिले गेले : अंतःस्तरापासून निघणारा शिथिलकारी घटक. काही वर्षे हे नाव रिकाम्या आसनासारखे मांडून ठेवलेले होते. १९८६ साली फर्चगॉट व लुई इग्नारो ह्यांनी स्वतंत्रपणे सुचविले की तो घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, आणि १९८७ मध्ये त्याचे प्रायोगिक पुरावे पुढे आले. १९९८ चे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना व फेरिड म्युराड ह्यांना मिळाले. आर्जिनीन ह्या अमिनो आम्लापासून पेशी हा वायू बनवितात. तो पेशींच्या पडद्यांतून आरपार जातो. रक्तातील हीमोग्लोबिन त्याला तत्काळ गिळते. ऊतींमध्ये त्याचे आयुष्य काही सेकंदांचे. ज्याला रंग नाही आणि जो थांबत नाही, त्याला पाहायचे कसे?

येथे प्रतिदीप्तीचा संबंध येतो. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स ह्याने कोयनेलाच्या द्रावणाची नळी सूर्याच्या वर्णपटात जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही अशा जागी नेली, आणि ते द्रावण निळसर उजळले. पदार्थ एक प्रकाश घेतो व त्याहून अधिक लांबीच्या तरंगांचा, म्हणजे कमी ऊर्जेचा, दुसरा प्रकाश परत देतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ह्या घटनेला त्याने दिलेले इंग्रजी नाव फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून, ओपल खड्याच्या आभेला असलेल्या नावाच्या धर्तीवर घडविलेले आहे. आणि त्या खनिजाच्या नावाचे मूळ ‘वाहणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, कारण धातू वितळविताना ते प्रवाहक म्हणून वापरीत. म्हणजे मूळ शब्दात प्रकाशाचा मागमूस नाही. मराठीत प्रतिदीप्ती व अनुस्फुरण असे दोन शब्द आढळतात. त्यांपैकी ‘प्रतिदीप्ती’ हा अधिक बोलका आहे असे म्हणता येईल, कारण ‘प्रति’ ह्या उपसर्गात उत्तर देण्याचा भाव आहे. ह्या एका ठिकाणी तरी भाषांतरित शब्द मुळाहून अधिक सांगतो.

१९९८ साली, म्हणजे नोबेलच्याच वर्षी, तोक्यो विद्यापीठातील नागानो व कोजिमा ह्यांच्या गटाने नायट्रिक ऑक्साइडासाठी एक रंजक जाहीर केला. फ्लुओरेसीन हा १८७१ साली आडोल्फ फॉन बायर ह्याने तयार केलेला रंग त्याच्या मुळाशी आहे. त्याच्या एका कड्यावर दोन अमिनो गट शेजारी शेजारी बसविले की रंजकाची चमक जवळजवळ मावळते : प्रकाशाने उद्दीपित झालेल्या भागाला ते गट इलेक्ट्रॉन पुरवितात आणि ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्याऐवजी आतच विरते. नायट्रिक ऑक्साइडापासून बनलेले द्रव्य ह्या दोन गटांना जोडून नत्राच्या तीन अणूंचे कडे तयार करते. मग इलेक्ट्रॉन देण्यास कोणी मोकळा राहत नाही आणि रंजक हिरवा उजळतो. द्रावणात लिटरमागे काही अब्जांश मोल इतके अल्प प्रमाणही ह्या रीतीने ओळखता येते.

पण रंजक द्रावणात मोकळा असेल तर तो वाहून जातो, पेशींत शिरतो, प्रथिनांना चिकटतो. त्याला एका जागी धरून ठेवायचे आणि वायूला मात्र त्याच्यापर्यंत येऊ द्यायचे, हे काम जेल करते. मराठीत हा शब्द तुरुंगासाठीही रूढ आहे, आणि योगायोगाने ते येथे विसंगत नाही. ह्या तुरुंगाच्या गजांमधून लहान रेणू सुटतात, मोठे अडकतात. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत गोळा धरतो तो निसर्गातील असाच जेल होय. लांबलचक साखळ्यांचे रेणू, ज्यांना मराठीत बहुवारिके म्हणतात, एकमेकांना जागोजाग बांधलेले असतात. साखळ्यांना पाण्याची ओढ असते म्हणून पाणी आत शिरते आणि गाठी असतात म्हणून साखळ्या विरघळून जात नाहीत. वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असूनही पदार्थ आपला आकार धरून राहतो. १९६० साली ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लिम ह्या चेक रसायनशास्त्रज्ञांनी मानवी शरीरात वापरता येतील असे जेल कृत्रिम रीतीने बनविल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षाअखेर विख्टर्ले ह्यांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरच्या घरी डोळ्यात घालायची मऊ भिंगे ओतली.

महाराष्ट्रात ह्या विषयाला घर मिळाले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर व त्यांचे सहकारी ह्यांनी तेथे जेलांच्या भौतिकीवर दीर्घकाळ काम केले. ‘जलशक्ती’ हा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारा पदार्थ ह्याच प्रयोगशाळेतला. तेथेच आशीष लेले व माशेलकर ह्यांच्याबरोबर काम केलेल्या श्यिनी वर्गीस ह्यांनी पुढे अमेरिकेत, २०१२ साली, आम्लधर्मी पाण्यात कापलेले तुकडे काही सेकंदांत पुन्हा सांधले जाणारे जेल प्रसिद्ध केले. पुण्याच्या ह्या कामाचा नायट्रिक ऑक्साइडाशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु त्यातून जे स्पष्ट झाले ते येथे निर्णायक आहे : जेल म्हणजे रंजक ठेवण्याची निष्क्रिय डबी नव्हे. आम्लता, क्षार, धातूंचे आयन ह्यांच्या प्रत्येक बदलाला ते फुगून, आकसून किंवा सांधून उत्तर देते. साक्षीदार ज्या चौकीत उभा आहे ती चौकीच हलणारी असेल, तर साक्ष ऐकताना ते ध्यानात ठेवले पाहिजे.

आता मूळ प्रश्न. न्यायशास्त्राचा विद्यार्थी पर्वतावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करायला शिकतो. येथे चमक हे लिंग आहे आणि नायट्रिक ऑक्साइड हे साध्य. (काव्यशास्त्राचा विद्यार्थी ह्याला ध्वनी म्हणू पाहील. तो मोह आवरावा हे बरे. व्यंग्यार्थ सहृदयाशिवाय नाही, आणि जेल कोणाच्याही सहृदयतेवर अवलंबून नसते.) लिंग साध्याला सोडून कोठेही राहत नसेल तरच अनुमान टिकते. ह्या रंजकाच्या बाबतीत ती व्याप्ती पूर्णपणे निर्दोष नाही. क जीवनसत्त्वाच्या ऑक्सिडीकरणातून बनणारे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लसुद्धा त्याच दोन अमिनो गटांशी संयोग पावते व चमकणारे द्रव्य देते. क जीवनसत्त्व तर बहुतेक सर्व ऊतींत असते. हेतू येथे सव्यभिचार होतो, आणि तो व्यभिचार नेमका तेथेच घडतो जेथे हे साधन वापरायचे आहे.

उलट दिशेने पाहिले तर दृष्टान्त अधिकच नेमका जुळतो. जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान सदोष आहे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. त्या ओल्या सरपणाच्या संयोगालाच नैयायिक उपाधी म्हणतात. नायट्रिक ऑक्साइड ह्या रंजकाशी स्वतः थेट संयोग पावत नाही. आधी त्याचे ऑक्सिजनशी मीलन होऊन नत्राचे दुसरे, अधिक ऑक्सिडीकृत संयुग बनावे लागते, आणि ते संयुग रंजकाला पेटविते. म्हणजे प्रीस्टलीचा ऑक्सिजन येथे उपाधी म्हणून परत आला. जेथे ऑक्सिजन तुटपुंजा आहे, उदाहरणार्थ रक्तपुरवठा थांबलेल्या ऊतीत, तेथे वायू असूनही जेल काळोखेच राहू शकते. शिवाय ह्या मीलनाचा वेग नायट्रिक ऑक्साइडाच्या प्रमाणाच्या वर्गाबरोबर बदलतो : वायू निम्मा झाला तर वेग चतुर्थांश होतो. मंद चमक पाहून ‘थोडा वायू’ असे सरळ गुणोत्तराने म्हणणारा अभ्यासक हिशेबात चुकतो. फ्लुओरेसीनची चमक आम्लधर्मी परिसरात कमी होते ही आणखी एक अडचण. जखमेची आम्लता एकसारखी राहत नाही.

ह्या अडचणीवर एक तोड मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील स्टीफन लिपार्ड ह्यांच्या गटाने काढली. २००५ साली त्यांनी तांब्याचे आयन बांधलेले एक प्रतिदीप्त बहुवारिक व २००६ साली फ्लुओरेसीनवर आधारलेला तांब्याचा रंजक पुढे आणला. तांबे जवळ असेपर्यंत चमक दबलेली असते. नायट्रिक ऑक्साइड त्या तांब्याला थेट क्षपित करते आणि चमक सुटते. ऑक्सिजनची मध्यस्थी येथे लागत नाही. पण तांब्याचा आयन जेलमधील साखळ्यांनाही बांधू शकतो व तिची गाठ बदलू शकतो; एक उपाधी काढताना दुसरी येण्याचा संभव राहतोच.

जेलच्या जाडीचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, वस्तुतः त्यावरच बरेच काही ठरते. पाण्यात हा वायू ज्या वेगाने पसरतो तो धरून हिशेब केला तर एक मिलिमीटर जाडीचा थर ओलांडण्यास त्याला सुमारे तीन मिनिटे लागतात. एक दशांश मिलिमीटरच्या थराला दोन सेकंद. अंतर दहापट कमी केले की वेळ शंभरपट कमी होतो. ऊतीतली घटना सेकंदांत उमटून विरते, आणि जाड जेल तिची वार्ता मिनिटांनी, तीही पुसट करून, सांगते. पातळ थरात वार्ता लवकर येते, पण रंजक थोडा म्हणून चमक क्षीण, आणि ऊतींची स्वतःची नैसर्गिक प्रतिदीप्ती तिला झाकून टाकते. भर म्हणून, नत्राच्या तीन अणूंचे ते कडे एकदा जुळले की उलगडत नाही. जेल आत्ताचा वायू दाखवीत नाही. आतापर्यंत किती येऊन गेला त्याची बेरीज दाखविते. रोजकीर्द आणि खतावणीतील शिल्लक ह्यांत जो फरक तोच येथे आहे, आणि पुष्कळशा लोकप्रिय वर्णनांत तो गाळला जातो.

मराठी शालेय पुस्तकांत लिटमससारख्या पदार्थाला दर्शक म्हणतात. नव्या लिखाणात ‘सेन्सर’साठी संवेदक हा शब्द आला. पहिल्यात दाखविणे आहे, दुसऱ्यात जाणवणे. जेलला काही जाणवत नाही, आणि ते दाखविते तेही सरळ दाखविणे नव्हे. ते अनुमानाला सामग्री पुरविते. दंडीने हेतू अलंकाराच्या विवेचनात कारक आणि ज्ञापक असा जो भेद केला त्यातील दुसरा शब्द येथे अधिक योग्य ठरला असता. अर्थात संपूर्णपणे तोही नाही. हे ज्ञापक आपल्या ज्ञाप्याला खाऊन टाकते : ज्या वायूची साक्ष द्यायची त्यातील काही भाग साक्ष देतानाच खर्ची पडतो, आणि पेशीजवळ फार दाट रंजक ठेवला तर पेशीलाच वायू कमी पडू शकतो. ज्ञापक थोडा कारकही झाला. ह्या प्रकाराला शब्द संस्कृत शास्त्रांत सापडत असेल तर तो शोधणे उपयुक्त होईल.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उदय मैत्र ह्यांच्या गटाने निराळी वाट धरली. त्यांची जेल बहुवारिकांची नाहीत. पित्तापासून मिळणाऱ्या कोलिक आम्लाचे लहान रेणू युरोपियम किंवा टर्बियम ह्या धातूंच्या सान्निध्यात आपोआप तंतुरूपाने जुळतात आणि पाणी धरून ठेवतात. धातूला प्रकाश गोळा करून देणारा एक मध्यस्थ रेणू असेल तर युरोपियम लाल व टर्बियम हिरवे उजळते. मध्यस्थाला मुखवटा चढवायचा आणि एखाद्या विकराने तो उतरविला की चमक यावी, अशी रचना करून त्यांनी कागदाच्या चकतीवर विकरांच्या परीक्षा बसविल्या. विषय नायट्रिक ऑक्साइडाचा नव्हे. परंतु ह्या धातूंचा प्रकाश मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळतो (म्हणून काटेकोरपणे त्याला प्रतिदीप्ती म्हणत नाहीत) आणि ऊतींची स्वतःची चमक विझेपर्यंत थांबून मग तो वाचता येतो. पातळ जेलची क्षीण साक्ष ऐकू येण्याचा हा एक मार्ग आहे. कागदावरच्या त्या विकर-परीक्षांचे काम साधी अतिनील दिव्याची कांडी आणि कागद एवढ्यावर होत असल्याने तालुक्याच्या दवाखान्यालाही त्या परवडतील.

साक्ष पडताळण्यासाठी प्रयोगशाळा जे करते ते अन्वयव्यतिरेकच होय. पेशीला वायू बनविण्यास उत्तेजन द्यायचे आणि चमक वाढते का पाहायचे. मग वायू बनविणारे विकर रोखायचे आणि चमक जाते का पाहायचे. दुसरी रीत वायू शोषून घेणारे द्रव्य मिसळण्याची आहे, आणि तीत एक खोच आहे : सर्वाधिक वापरले जाणारे तसे एक द्रव्य नायट्रिक ऑक्साइडाचे नायट्रोजन डायऑक्साइड करते, त्यातून ते मधले संयुग उलट अधिक बनू शकते, आणि चमक कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. व्यतिरेकाची परीक्षाच फसते. म्हणून दुसरा, स्वतंत्र साक्षीदार हवा. नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी मिळाले की त्या अभिक्रियेतूनच प्रकाश बाहेर पडतो, वेगळा दिवा लागत नाही. रस्त्यांवरील हवेची आणि दमेकऱ्यांच्या उच्छ्वासाची मोजणी ह्या तत्त्वावरच्या यंत्रांनी केली जाते. उच्छ्वासात अब्ज भागांत पंचवीसच्या खाली असेल तर प्रौढांत कमी व पन्नासच्या वर असेल तर जास्त, असा अमेरिकेतील तज्ज्ञांचा २०११ चा दंडक आहे. वाहनाच्या धुराड्यात तर जेलचा पाडच नाही. त्या उष्ण, कोरड्या जागी झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या घटकांनी मोजतात. ओझोनचे यंत्र प्रमाण नेमके सांगते, पण वायू ऊतीच्या कोणत्या बिंदूतून निघाला हे त्याला सांगता येत नाही. जेल ती जागा दाखविते आणि प्रमाणाबाबत अडखळते. काळजीपूर्वक केलेल्या कामात दोहोंची टिपणे शेजारी शेजारी ठेवतात, आणि जेथे ती जुळत नाहीत तेथे आधी थराची जाडी, मग ऑक्सिजन, मग आम्लता, ह्या क्रमाने दोष शोधतात.